किरकोळ साफसफाई

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, दादाला नाही, ज्याच्याशी लग्न केलं त्या माणसालाही नाही. आठ वर्षं होतील आता. तुम्हाला सांगतेय, कारण तुमची-माझी ओळख नाही — आणि कारण मागच्या आठवडी बाजारात मी पुन्हा एकदा मूग गिळून गप्प बसले. पहिल्यांदा गप्प बसले तेव्हा काहीतरी गमवायची भीती होती, असं तरी म्हणता येईल. या वेळी काय होतं? हातात वांग्यांची पिशवी होती, बस.

आधीच सांगते, मला राग आलाय.  यात कुठं माझी कीव यायला लागली तर तिथंच वाचायचं थांबवा. कीव करून घ्यायची हौस मी पूर्वी भरपूर भागवून घेतलीय, शालीसकट.

मी संगणकाचा कोड लिहिते. वडवणीत, घरात बसून, पुण्यातल्या एका कंपनीसाठी. ती नोकरी मला लागली ती त्याआधी फुकट केलेल्या एका कामावरून. ओपन सोर्स म्हणतात त्याला. म्हणजे सॉफ्टवेअर एकट्या कुणाचं नसतं. जगातल्या कुणीही त्याचा कोड उघडून बघावा, काही खटकलं तर सांगावं, सुधारणा पाठवावी. कोणती ओळ कुणी बदलली, कधी बदलली, का बदलली — सगळ्याची नोंद राहते आणि ती कुणालाही वाचता येते. लपवाछपवीला जागाच नाही, असं मी कॉलेजातल्या पोरींना भाषणात सांगत आलेय. वाचायला कुणी येतच नाही, हे मात्र मी त्यांना कधी सांगितलं नाही.

आमचं सॉफ्टवेअर औषधांसाठी होतं. ज्यांना रोज गोळ्या घ्याव्या लागतात, महिनोन्‌महिने, आणि जे एका जागी राहत नाहीत, अशांच्या गोळ्या त्यांच्यामागं पोहोचाव्यात म्हणून. ते मूळ बनलं होतं दुसरीकडं कुठंतरी. आपल्याकडच्या एका संस्थेनं ते ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी वापरायचं ठरवलं, आणि आपल्या भागाला लागणारा सगळा भाग मी लिहिला. मी, ऊसतोड करणाऱ्या बाईची पोरगी. माझ्याहून लायक कोण होतं?

तर मी काय केलं? मुकादमाची वही समोर ठेवली आणि तशीच रचना केली. मुकादमाच्या वहीत माणसं नसतात, कोयते असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो तोडणार, ती मोळ्या बांधणार, डोक्यावर वाहणार, आणि कोयता एक. नाव एक — त्याचं. मी कोडमध्ये तेच ठेवलं. एक कोयता, एक नाव, एक मुक्काम, आणि औषधाचा एक रकाना. माझी आई बारा हंगाम अशाच एका कोयत्यात होती आणि तिचं नाव कुठल्याच वहीत नव्हतं, हे मला माहीत होतं. लहानपणी त्यावरून मी बापाशी भांडलेलीही होते. पण लिहायला बसले तेव्हा ते मला आठवलंसुद्धा नाही. मुकादमाची वही माझ्या अंगात इतकी मुरलेली होती.

इथवर चूक होती. चुका होतात. ती सांगायला मी आठ वर्षं घेतली नसती.

महिनाभरानं कुणीतरी इश्यू टाकला. या कामात कुणाला काही खटकलं की तो सगळ्यांना दिसेल अशी एक नोंद उघडतो, तिला इश्यू म्हणतात. हा माणूस — की बाई, कुणास ठाऊक — नुसत्या टोपणनावानं यायचा. लिहिणं अगदी नम्र. एका नोंदीत दोन माणसं असतील आणि त्यातलं एकच आजारी असेल तर गोळ्या कुणाला मिळणार? आणि दोघं वेगवेगळ्या ठिकाणी गेली तर? प्रत्येक माणसाची वेगळी नोंद नको का?

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. का, विचाराल तर — तो बरोबर होता म्हणून. वाचताक्षणी मला कळलं होतं. आणि हा कोण कुठला, ज्यानं जन्मात उसाचा फड बघितला नाही, तो मला कोयता शिकवणार? शिवाय ते सगळं मोडून पुन्हा बांधायचं म्हणजे कामच काम, आणि पंधरा दिवसांनी पुण्यात मला ते लोकांसमोर दाखवायचं होतं. निमंत्रण पत्रिकेवर नाव छापून आलं होतं माझं.

मी उत्तर लिहिलं. शब्द मला पाठ आहेत, अजूनही तिथं आहेत, कुणीही वाचावेत. मी लिहिलं — कोयता हे इथल्या लोकांचं स्वतःचं एकक आहे. मी ऊस तोडणाऱ्या चाळीस बायकांशी बोलले आहे. त्यांना नोंद अशीच हवी आहे. बाहेरच्या कल्पना इथं लादू नयेत.

चाळीस. मी एकीशीही बोलले नव्हते. आधी चार लिहिले होते, ते फार कमी वाटले म्हणून पुढं शून्य दिलं.

आणि लोक काय म्हणाले? वाहवा म्हणाले. स्थानिक माणसाचं ऐकलंच पाहिजे म्हणाले. अंगठे वर करून गेले तीन-चार जण. त्या टोपणनावानं तर माझी माफी मागितली — मला तिकडची माहिती नव्हती, चूक झाली. मी मोठ्या मनानं आभार मानले आणि इश्यू बंद केला. एकानंही विचारलं नाही की बाई, त्या चाळीसजणी कोण? विचारायला काय झालं होतं त्यांना? मी बीडची आहे म्हटल्यावर सगळ्यांनी मान तुकवली. त्यांचाही राग येतो मला. पण तो सोयीचा राग आहे, कळतं मला ते.

आता सिंधूवहिनी. माझ्या सख्ख्या भावाची, दादाची बायको. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मी दहावीला असताना माझ्या वेण्या हीच घालायची, आणि घट्ट घालायची. त्या वर्षी दसऱ्याच्या आसपास तिला टीबी निघाला. सहा महिने गोळ्या घ्यायच्या, एक दिवसही चुकवायचा नाही. घाबरण्यासारखं काही नाही, डॉक्टर म्हणाले. मी तर तिला छाती पुढं काढून सांगितलं — वहिनी, तू खुशाल जा तोडीला, गोळ्या तुझ्या कोपीत येतील, ते माझं काम आहे.

ती दोघं गेली. संस्थेनं आपल्याच भागातल्या काही बायका हंगामभर तिकडं राहायला पाठवल्या होत्या. वहिनीच्या तळावर शकुंतलाताई होत्या, नांदूरघाटच्या. फोनवर यादी बघायची आणि त्याप्रमाणं कोपी-कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांत, जाऊन गोळ्या द्यायच्या. संक्रांतीपर्यंत वहिनीला त्या नीट मिळाल्या. संक्रांतीच्या आठवड्यात दादा भरलेल्या ट्रकवरून पडला, पाय मोडला, आणि त्याला गावाकडं आणलं. वहिनी तिथंच राहिली, तिच्या दिंद्रुडच्या भावाच्या जोडीला. इकडच्या कार्यकर्त्यानं ॲपमध्ये दादाच्या नावापुढं ‘गावी परतले’ हे बटण दाबलं. बरोबरच दाबलं त्यानं.

कोयता परतला. कोयत्यासोबत औषधाचा रकानाही परतला.

मग काय झालं? गोळ्या येत राहिल्या — दादाच्या घरी. पाय प्लास्टरमध्ये घालून बाजेवर पडलेल्या माझ्या भावाला दर पंधरवड्याला बायकोच्या गोळ्या मिळायच्या, आणि ॲपमध्ये हिरवी खूण व्हायची, औषध पोहोचलं. दादाला वाटलं, तिकडंही मिळत असतील, या ती आल्यावरच्या. त्यानं त्या कोनाड्यात आरशामागं नीट रचून ठेवल्या. तिकडं शकुंतलाताईंच्या यादीत त्या कोपीपुढं काहीच नव्हतं. त्या शेजारच्या कोपीत यायच्या, पुढच्या कोपीत जायच्या. वहिनी मोळी टाकून बघत उभी राहायची. तिनं मुकादमाला विचारलं, तो म्हणाला येतील ताई. दहा आठवडे तिनं ताईंना आपल्या दारावरून जाताना बघितलं. तिला वाटलं, ही मुद्दाम मला टाळतीय, माझ्या खोकल्याची हिला किळस येतीय.  मानी बाई, मागायला गेली नाही आणि फोनवर आम्हालाही सांगितलं नाही.

पाडव्याला ती आली ती खोकल्यातून रक्त टाकतच. डॉक्टर म्हणाले, मध्ये खंड पडला की असं होतं, आता साध्या गोळ्या चालणार नाहीत. मग इंजेक्शनं सुरू झाली, रोज एक, कित्येक महिने. रोग गेला. पण त्या इंजेक्शनांनी कान गेले. आधी नुसती शिट्टी वाजतीय म्हणायची. मग एक दिवस दारात दूधवाला ओरडत होता आणि ही त्याच्याकडं पाठ करून भांडी घासत राहिली.

मला कधी कळलं? ती आली त्याच दिवशी. आरसा काढून दादानं मला ती पाकिटं दाखवली — ‘बघ की, समदी हायती इथं, एकबी फोडलं न्हाई.’ मी पाकिटं बघितली आणि मला तो इश्यू आठवला, शब्दन्‌शब्द. दोघं वेगवेगळ्या ठिकाणी गेली तर?

घरी जाऊन मी लॅपटॉप उघडला आणि चार दिवसांत कोयता मोडून त्याची दोन माणसं केली. जे करायला मला वेळ नव्हता ते चार दिवसांचं काम होतं. प्रत्येक बाईची वेगळी नोंद, वेगळा मुक्काम, वेगळा औषधाचा रकाना. बायकांची नावं नोंदणीच्या कागदांवर होतीच, ती मी एक-एक करून भरली. आणि असा बदल पाठवताना त्यावर एक ओळ लिहावी लागते, काय बदललं याची. मी लिहिलं — किरकोळ साफसफाई. कुणी काही विचारलं नाही. त्या टोपणनावानंही नाही.

हे तरी सांगण्यासारखं आहे असं मला वाटतं, म्हणून मी इथं रेंगाळतेय. पुढचं सांगायला नको वाटतंय.

दादानं संस्थेकडं तक्रार केली. बीडला त्यांच्या कार्यालयात बैठक बसली. मी होते, कारण पडद्यावर यादी मी दाखवायची होती. शकुंतलाताई समोरच्या खुर्चीवर बसलेल्या, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन. त्यांना विचारलं, सिंधूबाईंना गोळ्या का दिल्या नाहीत? त्या म्हणाल्या, ‘यादीत नाव न्हवतं त्यांचं.’ साहेब मला म्हणाले, दाखवा बरं यादी. मी दाखवली.

यादीत नाव होतं. माझ्या साफसफाईनंतर असणारच होतं. सिंधू, वय, तळाचं नाव, कोपीचा क्रमांक, जानेवारीनंतरही मुक्काम तिथंच. आणि पुढं लाल अक्षरांत — औषध दिलेलं नाही. आठ फुटी पडद्यावर.

ताईंनी पडद्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, ‘तवा न्हवतं हे. म्या रोज बघत व्हते. आईच्यान न्हवतं.’ आणि माझ्याकडं बघितलं. आरोप म्हणून नाही बघितलं त्यांनी. संगणकाचं मला कळतं म्हणून बघितलं — की मी तरी सांगीन, ताई खरं बोलतायत म्हणून.

दोन बटणं दाबायची होती. जुनी यादी तिथंच होती, त्याच लॅपटॉपमध्ये, तारखेनिशी. पुसता येत नाही म्हणून सांगत असते ना मी? दोन बटणं. मी पाण्याची बाटली उघडली आणि पाणी प्यायले.

ताईंना कामावरून काढलं. दादा, मोडक्या पायानं, जीप करून नांदूरघाटला गेला आणि त्यांच्या दारात उभा राहून नको-नको ते बोलला. घरी येऊन त्यानं ते अभिमानानं सांगितलं आणि मी त्याला चहा करून दिला. त्याच वर्षी माझा सत्कार झाला. शाल, नारळ, ऊसतोड कामगाराची लेक. सिंधूवहिनी पहिल्या रांगेत बसली होती. तिला एक शब्द ऐकू येत नव्हता, बाकीचे वाजवायला लागले की तीही टाळ्या वाजवायची.

तेव्हापासून वहिनी माझ्या तोंडाकडं बघते. ओठ हलतात त्यावरून तिला बरंचसं कळतं, माझे ओठ तर सगळ्यात जास्त. जे कळत नाही ते मी फोनवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवते. चौथीपर्यंत शिकलीय, बोट ठेवून वाचते. आठ वर्षांत मी तिला काय-काय लिहून दाखवलं — डॉक्टरांचं बोलणं, माहेरचा निरोप, पोराचा निकाल. लोक म्हणतात, नणंद असावी तर अशी. अंगाची लाही होते हे ऐकताना, आणि तरी मी हसते. कशी हसते मी?

तर मागचा बाजार. शकुंतलाताई आता बाजारोबाजारी बांगड्या विकतात. वडवणीला कधी यायच्या नाहीत, त्या दिवशी आल्या होत्या. वहिनीला दिसल्या. आपला आवाज किती मोठा होतो ते तिला आता कळत नाही, त्यामुळं ती भर बाजारात जे बोलली ते भाजीच्या रांगेपासून बस स्टँडपर्यंत ऐकू गेलं असेल — ‘हीच ती. हिनंच माझं कान खाल्लं. माझ्या गोळ्या दाबून बसली ही. हिच्या हातनं बांगड्या भरू नका गं.’ एक पोरगी हात पुढं करून बसली होती, तिनं हात मागं घेतला. ताई खाली मान घालून बांगड्या रंगांप्रमाणं लावत राहिल्या, हिरव्यात हिरव्या, लालात लाल. आणि मी वहिनीच्या शेजारी उभी होते, वांग्यांची पिशवी धरून. वहिनीनं माझ्या तोंडाकडं बघितलं, मी काही म्हणतेय का म्हणून. मी तोंड मिटून घेतलं.

एवढंच.

वरचं लिहिलं त्याला चार दिवस झाले. पाठवलं नव्हतं कुणाला. पुढचं लिहिते, म्हणजे अर्धवट राहायला नको.

मी तो जुना इश्यू पुन्हा उघडला. त्याखाली लिहिलं, आधी मराठीत, मग इंग्रजीत, माझ्या नावानं — चाळीस बायका नव्हत्या. एकही नव्हती. यादीत नाव नव्हतं, शकुंतलाताई खरं बोलत होत्या. नाव मी नंतर घातलं. जुनी यादी जोडली. संस्थेला तेच पाठवलं. मग सगळं मोठ्या अक्षरांत कागदावर छापलं आणि दादाच्या घरी गेले.

वहिनीनं बोट ठेवून वाचलं. तीन पानं, बराच वेळ लागला. शेवटी मान वर केली आणि त्याच मोठ्या आवाजात म्हणाली, ‘पण कोयता तर एकच आसतो की गं. त्यात तुजं काय चुकलं?’

मी खरोखर विचारलं असतं तर ती हेच म्हणाली असती, हे मला तिथं कळलं. आणि कदाचित चाळीसजणीही हेच म्हणाल्या असत्या. बघा किती छान पळवाट होती. तिनंच दार उघडून दिलं होतं. मी खुणेनं नाही म्हणाले आणि कागदावरच्या त्या बैठकीच्या ओळींवर बोट ठेवलं. पडदा, लाल अक्षरं, पाण्याची बाटली. तिनं ते पुन्हा वाचलं. या वेळी ओठ हलवत वाचलं.

मग उठली, खुंटीवरची पिशवी घेतली, चप्पल घातली. ‘नांदूरघाटला गाडी कवा हाय?’ एवढंच म्हणाली. दादा भिंतीला टेकून बसला होता, तो जागचा हलला नाही.

ताईंच्या दारात वहिनी माझ्या आधी बोलली. ‘ताई, म्या लई बोलले तुमाला. चुकलं माजं.’ सगळ्या गल्लीनं ऐकलं. जिची काही चूक नव्हती ती माफी मागत होती, आणि मला इतका राग आला की दाराची कडी मी मुठीत आवळून धरली. मी माफी मागितली नाही. काय केलं ते सांगितलं, पहिल्यापासून, एकही गोष्ट न सोडता, आणि कागद त्यांच्या हातात दिला. ताईंनी तो वाचला नाही. घडी घालून उशाखाली ठेवला आणि वहिनीला पाटावर बसायला सांगितलं. मला सांगितलं नाही.

येताना गाडीत वहिनी माझ्या शेजारीच बसली होती. खिडकीची जागा तिची, मनगटात ताईंनी भरलेल्या नव्या हिरव्या बांगड्या. मी दोनदा काहीतरी बोलले. वडवणी येईपर्यंत तिनं माझ्या तोंडाकडं एकदाही बघितलं नाही.